‘देवाची योजना’ हे वाक्य शेवटी घ्या: घरच्याच माणसाने फसवल्यावर क्षमा करण्याचा क्रम

ऐरोलीतल्या आमच्या बुधवारच्या प्रार्थनेला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं आणि तीच गोष्ट सांगतं. भावाने जागा स्वतःच्या नावावर करून घेतली, दिराने धंद्यातून बाहेर काढलं, बहिणीने आईचे दागिने परस्पर गहाण टाकले. आणि डोळे पुसायच्या आधीच पुढचं वाक्य येतं: "जाऊ दे ताई, देवाची काहीतरी योजना असेल. मी क्षमा केली." सहा महिन्यांनी याच माणसाचा त्या भावाच्या मुलाच्या लग्नाला जायला पाय उचलत नाही. रात्रीची झोप गेलेली असते, आणि वर ‘आपला विश्वासच कमी पडला’ ही बोच.

बहुतेकांचा फक्त क्रम चुकलेला असतो. बायबलमधल्या योसेफाची गोष्ट (भावांनी त्याला खड्ड्यात टाकून गुलाम म्हणून विकलं, तो मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये गेला आणि पुढे तिथला मोठा अधिकारी झाला) आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण ‘तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ या अर्थाचं बोलणं त्याच्या तोंडी कधी येतं ते मोजत नाही. खड्ड्यात तो गयावया करत होता. हे भावांनाच पुढे आठवतं (उत्पत्ती ४२:२१). तुरुंगात त्याने प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला) सरळ सांगितलं, मला चोरून आणलंय आणि इथेही मी काही गुन्हा केलेला नाही. विकला गेला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा ३०. मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २, तेव्हा भाऊ धान्यासाठी आले; पुढे बाप याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारला. ते बोलणं त्यानंतरचं, म्हणजे साधारण ३९ वर्षांनंतरचं आहे, आणि आपण ते एकोणचाळिसाव्या मिनिटाला म्हणतो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मी स्वतः ते उलटे घेऊन पाहिले आहेत. माझी गोष्ट मध्येमध्ये येईल.

## आधीची तयारी

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा.

एक, कोरी वही. मोबाईलमध्ये लिहू नका. चुकून कुटुंबाच्या ग्रुपवर गेलेली प्रार्थना मी पाहिली आहे; त्यानंतरची दोन वर्षं सगळे त्या मेसेजबद्दलच बोलत होते.

दोन, कागद. जागेचा मामला असेल तर नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा) मिळवा. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च करता येतो. पैशाचा मामला असेल तर बँकेचं स्टेटमेंट. ऐकीव माहितीवर क्षमा करायला गेलात तर नवीन गोष्ट कळली की सगळं पहिल्यापासून.

तीन, एक माणूस. दोन्ही बाजूंचा नातेवाईक नको, आणि ‘तुझ्यासाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगते’ म्हणणारी तर अजिबात नको. पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) चालतील, पण ते त्याच भावाच्या घरी जेवायला जात असतील तर दुसरं कुणी बघा.

चार, वेळ. आठवड्याला एक तास, निदान तीन महिने. नाताळच्या आत आटपायचं असं ठरवून बसू नका.

आधी हे तपासा: मारहाण, धमकी, मुलांशी गैरवर्तन यातलं काही अजून चालू आहे का? असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. चालू असलेला मार थांबवण्याच्या आधी क्षमेचा विषय काढणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका.

## टप्पा १: काय झालं ते एका पानावर लिहा

एकच पान, दोन भाग. वर घटना: तारीख, जागा, कोण काय बोललं. खाली: त्यामुळे माझं काय गेलं. विशेषणं नकोत. ‘हरामखोर’ हा शब्द आला तर येऊ द्या, पण तो तिसऱ्या टप्प्यात उपयोगी पडत नाही.

माझ्या पानावर वरच्या भागात चार ओळी होत्या. पप्पा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात दादा म्हणाला, सोसायटीत नाव लावायला तुझी सही लागते. ठाण्याला निबंधकाकडे गेलो, फोटो काढला, अंगठा दिला. मी दस्त वाचला नाही. ते हक्कसोडपत्र होतं हे मला चौदा महिन्यांनी कळलं, दादाने कळव्याच्या त्या जागेवर कर्ज काढलं तेव्हा.

खालच्या भागाला मला तीन आठवडे लागले. पैशाचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून झाला. मग लिहिलं, ‘माहेर’. मग, ‘पप्पांसाठी रडायचं राहून गेलं, कारण नंतरची सगळी वर्षं दादावर चिडण्यात गेली.’ खरं नुकसान ते होतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला दाखला आठवा: राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज सोडतो, पण तो चाकर आपल्या सोबत्याचं छोटं कर्ज सोडत नाही. राजा आधी हिशेब घ्यायला बसतो, आकडा समोर येतो आणि मगच तो सोडतो. त्यातलं दुसरं कर्ज, सोबत्याचं, १०० दिनारांचं होतं. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा तेही तीन महिन्यांहून जास्त कमाईचं. ते क्षुल्लक आहे असं येशू कुठेही म्हणत नाही.

नेहमीची चूक: ‘त्याचीही काही अडचण असेल’ हे याच पानावर लिहिणं. असेलही. त्यासाठी वेगळं पान घ्या.

## टप्पा २: देवापुढे तक्रार करा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण आपल्याकडे प्रार्थना म्हटली की सुरुवात स्तुतीने आणि आवाज मवाळ. स्तोत्रसंहिता उघडा. ५५वं स्तोत्र घ्या: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. १३वं घ्या, त्यात ‘किती वेळ’ हा प्रश्न लागोपाठ येतो. १०९वं वाचून तर घाबरायला होतं. ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे तसं बोलायला जागा आहे, आणि ती जागा देवासमोर आहे.

मोठ्याने वाचा. घरात शक्य नसेल तर बाहेर पडा. मी ठाणे-वाशी लोकलच्या दुपारच्या रिकाम्या डब्यात बसून वाचायचे.

रडू आलं तर आवरू नका. योसेफ उत्पत्तीच्या पुस्तकात निदान सात वेळा रडतो, आणि ते सगळं मिसरचा अधिकारी झाल्यानंतर.

सावधान: साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये उभं राहून सांगतात तेव्हा, मंडळीपुढे हे सांगू नका. ‘माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं, पण देवाने मला बळ दिलं’ ही साक्ष ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तुमच्या भावाला ओळखतात. तो बदला आहे, फक्त ‘आमेन’ लावलेला.

## टप्पा ३: ऋण वेगळं, हक्क वेगळा

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणतो. मराठी कानाला त्याच्या शेजारी लगेच दुसरा शब्द ऐकू येतो, हक्कसोड. विशेषतः बायकांना. भाऊ म्हणतो, ‘तू विश्वासणारी आहेस ना, मग सोड.’ काकू म्हणतात, ‘माहेर तुटेल.’ आणि क्षमा म्हणून बाई सही करून मोकळी होते. तीन महिन्यांनी तिच्या लक्षात येतं की जागा गेली आणि राग तसाच आहे.

ऋण सोडणं म्हणजे त्याला शिक्षा करण्याचा, त्याचं वाटोळं व्हावं असं इच्छिण्याचा माझा दावा मी देवाच्या हाती देते. ते मनात होतं, कुणाला न विचारता होतं. हक्क सोडणं हा व्यवहार आहे. तो स्टॅम्पपेपरवर होतो आणि एकदा नोंदणी झाली की मागे फिरवणं फार अवघड. पहिलं देवाने सांगितलं आहे. दुसरं तुमच्या मर्जीवर आहे. करा किंवा करू नका, पण क्षमेच्या नावाखाली कुणी करून घेऊ नये.

म्हणून पहिल्या टप्प्यातलं पान परत घ्या आणि खालच्या भागातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘ऋ’ किंवा ‘ह’ लिहा. अपमान, खोटं बोलणं, गेलेली वर्षं: ऋ. जागेतला वाटा, दागिने, आईची राहण्याची सोय: ह.

‘ह’च्या ओळींसाठी वकिलाकडे जा. जाण्याआधी एवढं ठाऊक असू द्या:

– ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. पत्नी आणि मुलं मागे असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुली यांच्यात समान.
– सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही.
– फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर मुदत सर्वसाधारणपणे फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची. ‘देव बघून घेईल’ म्हणत ही मुदत निघून गेलेली मी दोन घरांत पाहिली आहे.
– कोर्टात उभं राहायचं नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जाता येतं.

इथे कुणीतरी बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढणारच, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर दावे लावू नयेत म्हणून. पूर्ण वाचायला सांगा. पौल विचारतो, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का? म्हणजे निवाडा व्हायलाच हवा आहे, फक्त घरातल्या शहाण्या माणसाकडून. आणि आठव्या वचनात तो फसवणाऱ्यालाही झापतो: तुम्ही अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ते वचन वाचून दाखवलेलं मी अजून एकाही मिटिंगमध्ये ऐकलेलं नाही.

मी काय केलं? दादाला नोटीस पाठवली, मग मध्यस्थीला बसलो. आईला मरेपर्यंत त्या जागेत राहण्याचा हक्क लेखी करून घेतला. माझ्या वाट्याचा आग्रह त्यानंतर मी सोडला, आकडा माहीत असताना, कुणी न सांगता. तुम्ही तसंच करावं असं नाही. माझ्या नवऱ्याला ते आजही पटलेलं नाही.

तपासा: कुणी आज-उद्याच सही मागतंय का? मग आज-उद्या सही करू नका. क्षमेला घाई असली तरी दस्ताला नसते.

## टप्पा ४: ऋण सोडा, एकेक करून

आता ‘ऋ’च्या ओळी. सगळं एकदम ‘मी सगळं माफ करते’ म्हणून सोडू नका. ते टिकत नाही. एका बैठकीत एक ओळ. प्रार्थना साधी: "प्रभू, दादा माझ्याशी सहीच्या दिवशी खोटं बोलला. ते वाईट होतं. त्याची भरपाई मी त्याच्या दुःखातून वसूल करणार नाही. न्याय तुझा आहे." मग त्या ओळीवर रेघ.

मधलं वाक्य, ‘ते वाईट होतं’, गाळू नका. वाईट झालंच नसेल तर सोडायला काही उरतच नाही.

माझ्या सात ओळी होत्या. सहा दोन महिन्यांत गेल्या. सातवी, पप्पांसाठी न रडल्याची, दीड वर्ष राहिली. राहिली तर राहू द्या. तोवर प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस) घ्यावं की नाही हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आमच्या पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं, "सोडायची इच्छा आहे का?" मी म्हटलं, इच्छा व्हावी अशी इच्छा आहे. ते म्हणाले, मग या.

तपासा: त्याच्या घरी काही चांगलं घडल्याची बातमी आली, नवी गाडी, मुलीची नोकरी, तेव्हा पोटात काय होतं? अजून जळत असेल तर पुढे जाऊ नका. थोडीशी कळ आली तर चालेल.

## टप्पा ५: समोरासमोर बोला

मत्तय १८:१५ सांगतं, आधी एकांतात. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन. आपण बरोबर उलटं करतो: आधी मावशी, मग ग्रुप, मग पाळक, आणि दादाला सगळ्यात शेवटी कळतं.

जागा तटस्थ निवडा. त्याचं घर नको, लग्नाचा हॉल नको, कुणाच्या मातीला तर मुळीच नको. आम्ही ठाण्याच्या तलावपाळीला भेटलो होतो. शेजारी शेजारी बसून बोलता येतं, सारखं एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि आवाज चढला की लोक वळून पाहतात म्हणून आपोआप उतरतो.

‘मी तुला माफ केलंय’ या वाक्याने सुरुवात करू नका. ज्याने अजून चूकच मान्य केलेली नाही त्याच्या कानाला तो आरोप वाटतो, आणि भांडण क्षमेवरूनच जुंपतं. पानाच्या वरच्या भागातल्या ओळी सांगा: "दादा, त्या दिवशी तू नाव लावायचं म्हणालास आणि हक्कसोडपत्रावर सही घेतलीस. मला ते खूप लागलं." एवढंच. मग गप्प बसा. ही शांतता जड जाते, भरू नका.

त्याने कबूल केलं तर ऐकून घ्या. त्याने नाकारलं, किंवा ‘तुझ्या लग्नात पप्पांनी खर्च केला तो कोण मोजणार’ असं काढलं, तर वाद घालू नका; "माझं सांगून झालं" म्हणून उठा. चौथ्या टप्प्यात सोडलेलं त्याच्या कबुलीवर अवलंबून नाही. लूक १७:३ मध्ये दोष दाखवणं आणि त्याने पश्चात्ताप केल्यावर क्षमा करणं असा क्रम आहे. त्या अर्थाने संबंधांची क्षमा त्याच्या पश्चात्तापाची वाट पाहते. मनातली क्षमा वाट पाहत नाही.

तो वारला असेल, किंवा भेटणं धोक्याचं असेल, तर हा टप्पा ओलांडून सातव्यावर जा.

## टप्पा ६: विश्वास पारखून ठेवा

क्षमा केली म्हणजे घराची किल्ली परत द्यायची, असं कुठेही लिहिलेलं नाही. भाऊ धान्यासाठी मिसरात आले तेव्हा योसेफाने त्यांना ओळखलं पण ओळख दिली नाही. तीन दिवस कैदेत ठेवलं, त्यांच्यातल्या शिमोनाला मागे ठेवून घेतलं, पोत्यात पैसे परत घातले, सगळ्यात धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत प्याला लपवला. मला वाटतं त्याला एकच पाहायचं होतं: आणखी एका धाकट्या भावाला सोडून हे पळतात का? ज्या यहूदा नावाच्या भावाने त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच पुढे आला आणि म्हणाला, याच्याऐवजी मला गुलाम करा. तिथे योसेफाचा बांध फुटला.

तुमची परीक्षा एवढी नाट्यमय नको. छोटी जबाबदारी, ठरलेली तारीख. आईच्या औषधांचा अर्धा खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला. सहा महिने आला तर पुढची पायरी. शब्दांपेक्षा परतफेडीकडे बघा. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं, तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आल्याचं सांगितलं.

आणि अंतर राहिलं तर राहू द्या. योसेफाने भावांना मिसरातल्या गोशेन प्रांतात वसवलं. कारण गुराढोरांचं होतं, पण व्यवस्था बघा: जवळ, तरी एका छताखाली नाही.

## टप्पा ७: आता योजनेकडे बघा

आता ते वाक्य. त्यात करणारे दोन आहेत: तुम्ही योजलं, देवाने योजलं. पहिला अर्धा गाळला की फसवणूक देवाच्या नावावर जमा होते. रोमकरांस ८:२८ सुद्धा सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत असं म्हणत नाही. देव सगळ्यांतून चांगलं घडवतो, असं म्हणतं. हे वाक्य म्हणायचा हक्क फसवला गेलेल्याचा. दादानेच ‘देवाची इच्छा’ म्हटलं तर ती पळवाट झाली.

दुसरी गोष्ट. योसेफाला सापडलेलं चांगलं त्याच्या खिशात पडलेलं नव्हतं. पुष्कळ लोकांचे जीव वाचले, हे त्याने मोजलं. तेव्हा ‘मला याच्या बदल्यात काय मिळालं’ असं शोधू नका. ‘माझ्यातून कुणाला काय मिळालं’ असं विचारा. आज प्रार्थनेतल्या कुणालाही सही करायला जायचं असलं की मी बरोबर जाते आणि दस्त शेवटच्या पानापर्यंत वाचून घेते. दोघींच्या सह्या आयत्या वेळी थांबल्या. पण त्यासाठी माझ्याशी तसं घडायलाच हवं होतं, असं मी म्हणणार नाही.

काहीच सापडत नसेल तर पान कोरं ठेवा. ओढूनताणून भरू नका, आणि दुसऱ्याचं पान तर कधीच भरू नका.

## परत उफाळून आलं तर

येणार. योसेफाने भाऊ येण्याआधीच पहिल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं होतं, देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं म्हणून. आणि भाऊ दिसल्यावर आत जाऊन रडला. असं झालं की पान काढा, ती ओळ पुन्हा वाचा, रेघेवर दुसरी रेघ मारा. नवीन ओळ असेल तर टप्पा १ पासून, फक्त तेवढ्या ओळीसाठी.

कधी उफाळून त्यांच्या बाजूने येतं. याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारला आणि तेव्हाही भावांना भीती वाटली की आता योसेफ उट्टं काढणार. आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तू ते खरंच सोडलंयस ना?" अशा वेळी भाषण देऊ नका, जुने कागद काढू नका, वचन तर अजिबात सांगू नका. मी "हो" म्हटलं आणि रविवारी जेवायला किती जण येणार ते विचारलं.